नमुन्याचा उखाणा

भक्तीनं बनवलेलं ते वेबपान अगदी साधं होतं. वर दोन चौकटी, खाली दोन चौकटी. एकच काम एआयला दोन तऱ्हांनी सांगायचं, खाली दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी उमटायची, आणि कुठलं सांगणं कामाला आलं ते आपल्या डोळ्यांनी ताडायचं. परभणीच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवता शिकवता तिनं ते उभं केलं होतं. आता आपल्या गावातल्या, बोरीतल्या बायांनी ते वापरून बघावं, एवढीच हौस होती.

मराठीची पारख करायची तर उखाण्यासारखी कसोटी नाही, असं तिला वाटलं. उखाण्याला नावं लागतात. तिच्या बोटांनी आपसूक वहिनीचं आणि भावाचं नाव उमटवलं. दैवशाला, परमेश्वर. त्यांच्या लग्नात उंबऱ्यावर दार अडवून बसलेली नणंद तीच. शाळकरी पोर, पण नाव घेतल्याबिगर नवरीला आत सोडीना. दैवशाला लाजून अर्धी झाली होती आणि तिच्या शेजारी परमेश्वर गालात हसत होता. देवगाव फाट्यावरच्या अपघातात तो गेला, त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

पहिल्या सांगण्यावर मशीननं चांदीचं ताट, सोन्याची वाटी असलं कोरडंच काही दिलं. मग भक्तीनं सांगणं बदललं. शेतातलं बोल, घरातलं बोल, बाई बोलते तसं बोल. खाली ओळी उमटल्या.

‘कपाशीच्या बोंडावर ऊन पडलं कोवळं,
परमेश्वररावांचं नाव घेताना मन होतं मोकळं.’

तिला त्या इतक्या गोड लागल्या की पान उघडताच दिसणारा नमुना म्हणून तिनं त्याच ठेवल्या, वरच्या सांगण्यातल्या दोन्ही नावांसकट. आपल्या कामाच्या कौतुकात ती दोन नावं तिच्या लेखी नुसती अक्षरं झाली होती. लिंक तिनं बचत गटाच्या ग्रुपवर टाकली.

त्या गटात दैवशालाही होती.

दुपारी समाजमंदिरात बाया जमल्या, दैवशालाही त्यांत बसली होती. गटाचा हिशोब बघणाऱ्या सुकेशनीनं फोन उघडला, उखाणा मोठ्यानं वाचला आणि वाचून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. कुणी पदर सारखा केला, कुणी सोयाबीनचा विषय काढला. हे सगळं सुकेशनीनंच भक्तीला फोनवर सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाली की बाई, नाव तरी बदलायचंस.

भक्ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा दैवशाला भाकरी थापत होती.

“वैनी, चुकलं माझं.”

“मशीनला काय कळतंय, माणूस हाय का गेलं.” दैवशालाचा हात परातीत फिरतच होता. “पन त्यानं मला नाव घ्यायला लावलं तरी. बारसं असू दे, डोहाळजेवन असू दे, बाया वळीनं नाव घ्यायला लावतेत, अन् माझ्यापाशी आल्या की पुढलीकडं बघतेत. मला बी येतेत की उखाणे. ह्याच्याहून लय चांगले येतेत.”

मग घ्या की वैनी, ऐकू द्या मला. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते भक्तीच्या ओठांवर आलंही होतं. दैवशालाचं थापणं थांबलं होतं. पिठाचा हात तसाच धरून ती नणंदेकडं बघत होती. पण भक्तीला वाटलं, ही रडली तर? रडली तर आपण काय करावं, हे तिला सुधरेना. तिनं फोन काढला.

“आत्ताच काढून टाकते दोन्ही नावं,” ती म्हणाली, आणि तिथंच उभ्या उभ्या काढलीसुद्धा.

“काडलीस?”

“हो.”

“बरं केलंस,” दैवशाला म्हणाली. तव्यावर भाकरी टाकून तिनं वरून पाण्याचा हात फिरवला.

ते पान पुढं चांगलं चाललं. क्लासातली पोरं वापरू लागली. नमुन्याच्या जागी आता मुगाच्या वड्यांची कृती असते. नणंद-भावजयीत भांडण म्हणून काही नाही. सकाळचा चहा अजून दैवशालाच करते.

कितीतरी दिवसांनी, शेंगा फोडत दोघी ओसरीत बसल्या असताना, भक्तीनं धीर केला.

“वैनी, एक उखाणा घ्या ना.”

दैवशालानं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला केलं.

“आता न्हाई गं आठवत,” ती म्हणाली.