कापसाखालची गाणी

वेणूबाईंनी मनालीच्या डोक्याचा रुमाल सोडला, कानातला कापूस ओढला, आणि कापसामागोमाग काहीतरी टपकन चटईवर पडलं. पांढरं, शेंगदाण्याएवढं. त्यातून मुंगीच्या आवाजात एक बाई इंग्रजीत कोणावर तरी ओरडत होती.

नेमक्या त्याच वेळी मनालीच्या सासूबाई, मीनाताई, धुरीची शेगडी घेऊन दारात आल्या. वेणूबाईंनी तेलाने माखलेला तळहात त्या वस्तूवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने मालीश सुरूच ठेवली.

"काय पडलं?"

"कापूस. दुसरा काय पडनार?"

मीनाताईंनी शेगडी खाटेखाली सरकवली, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या, खिडकीची उरलीसुरली फट लावून घेतली आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी बघायला गेल्या. वेणूबाईंनी तळहात उचलला.

"यो काय हाय गो?"

"गाणी ऐकते मी. आईंना सांगू नका, वेणूबाई."

"कानान वारा जाव नये म्हनून कापूस," वेणूबाई म्हणाल्या. "तू वाऱ्याच्या ऐवजी बाई घातलीस." आणि त्या आवाज न करता, पोट हलवत हसल्या. नावडे गावातल्या वेणूबाईंच्या हाताखालून कॉलनीतली निम्मी पोरं गेली होती. कोणत्या घरात काय बोलायचं आणि काय गिळायचं, हे त्यांना मालीशीइतकंच पक्कं ठाऊक होतं.

मनालीला हसू आलं नाही. तिने इअरफोन पुसला आणि उशीच्या अभ्र्यात सरकवला. आज बाळंतपणाचा सव्विसावा दिवस होता आणि उद्या एकोणीस डिसेंबर.

एकोणीस डिसेंबरची गोष्ट अशी. अकरा वर्षांपूर्वी याच तारखेला वाशीच्या एका कॉलेजच्या मैदानावर मनाली आणि तिची मैत्रीण सोनम यांच्या बँडचा पहिला कार्यक्रम झाला होता. शेवटचाही तोच. मनाली गायची. सोनम ड्रम वाजवायची. दिघ्याला भावाच्या बँजो पार्टीत ताशा वाजवून तिचा हात तयार झालेला. तिसऱ्या गाण्याला माइक बंद पडला, तरी मनाली तशीच गात राहिली, आणि मागच्या रांगेतल्या लोकांनी नंतर सांगितलं की माइक गेलेला त्यांना कळलाच नाही. असा आवाज होता तिचा. बँड मोडला, पण तारीख राहिली. दर वर्षी त्या दिवशी दोघी एकमेकींना एक मिक्स पाठवत. दहा गाणी, रॉकचीच, आणि प्रत्येक बँडच्या पुढे बाई उभी असलेली. एकदा दिलेलं गाणं पुन्हा द्यायचं नाही. सोबत चिठ्ठी नाही, खुलासा नाही. दुसरीने सगळी गाणी ओळीने ऐकायची आणि उत्तरादाखल एकच वाक्य पाठवायचं. आधी सीडीवर स्केचपेनने नावं लिहून देत, आता नुसती लिंक.

दहा गाण्यांत वर्ष कसं गेलं ते कळतं, यावर दोघींचा विश्वास होता. चार वर्षांपूर्वी मनालीची आई गेली, त्या डिसेंबरात तिच्या मिक्समध्ये नुसता दणदणाट होता, चाल अशी कशालाच नव्हती. सोनमचं उत्तर आलं होतं, "जेवलीस का?"

माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण सासरी, नावड्याच्या या सातव्या मजल्यावर. आई नसलेल्या सुनेला काही कमी पडू नये म्हणून मीनाताईंनी चार आयांचं करायला घेतलं होतं. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, अंगात लोकरी बंडी, पायात मोजे, कानाला कापूस आणि वर रुमाल. बाहेरची हवा म्हणाल तर लोक अजून पंखा लावून झोपत होते. पण मीनाताई साताऱ्याच्या. डिसेंबर म्हणजे थंडी, हे त्यांच्या हाडात बसलेलं. सव्वा महिना खोलीबाहेर जायचं नाही, जास्त बोलायचं नाही, मोबाइल बाळाजवळ ठेवायचा नाही. तो सकाळी पाच मिनिटं आणि दुपारी तासभर मिळायचा, आणि परत देताना मनाली गाणी चालूच ठेवायची. बाकी वेळ बाहेर मीनाताईंकडे, आणि येणाऱ्या प्रत्येक फोनला त्यांचं ठरलेलं उत्तर.

"मजेत! दोघंही अगदी मजेत."

सोनम पाचव्या दिवशी आली होती, रबाळ्याच्या लॅबमधून थेट. मीनाताईंनी दारातच पाणी दिलं आणि केमिकलच्या कपड्यांनी बाळाजवळ नको, सव्वा महिन्याने निवांत ये, असं गोड बोलून लिफ्टपर्यंत सोडलं. मनालीने खोलीतून सगळं ऐकलं होतं. हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात बाळ हललं. तिने तोंड मिटलं.

तक्रार करावी तर कशाची? लाडवांची? या घरात वाईट वागणारं कोणीच नव्हतं, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. नवरा निशांत सकाळ-संध्याकाळ दारातून डोकावायचा, "बरं आहे ना?" म्हणायचा, आणि ती "बरं आहे" म्हणायची. प्रत्यक्षात तिला भीती वाटत होती. बाळाकडे बघितलं की शेजारच्यांनी सांभाळायला ठेवलेलं मूल वाटायचं. आपण त्याच्यावर प्रेम करतो की नाही हेच तिला कळत नव्हतं. ही खोली आता कधीच उघडणार नाही, आपण कायमच्या अशाच पडून राहणार, असं तिला रोज पहाटे नक्की वाटायचं. हे ज्याला सांगता येईल असं माणूस सातव्या मजल्यावर नव्हतं. निदान मिक्स तरी उद्या जायलाच हवं होतं. नाहीतर आपण आहोत हे कोणाला कळणार?

वेणूबाईंनी तिला पालथं केलं आणि पाठीवर अंगठे फिरवत हळूच म्हणाल्या, "पोरी, एक सांगू? एवढ्या बालंतिनी बगल्या मी. रडतान, चिरतान, सासूच्या नावानं बोटा मोरतान. तू रडत न्हाय. त्याचाच मना भ्याव वाटतंय."

"मला काही झालं नाहीये."

"त्याच म्हनतंय मी," वेणूबाई म्हणाल्या आणि तेलाची वाटी पुढे ओढली.

त्या दुपारी मोबाइल मिळाल्यावर मनालीने मिक्स पुरं करायला घेतलं. वर्षभर बाजूला काढून ठेवलेल्या गाण्यांत एक शिलाँगच्या तिघींच्या बँडचं होतं. सुरुवातीला गायिका नुसता श्वास घेते आणि मग पत्रा फाटावा तसा आवाज काढते. हेच पहिलं ठेवायचं, असं तिने गरोदरपणात ठरवलं होतं. एका कानात इअरफोन, वर रुमाल, आणि कुशीत बाळ. पत्रा फाटला तशी ती स्वतःच दचकली, बाळ दचकलं, रडायला लागलं. मीनाताई पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या.

"काय झालं गं?"

"काही नाही. स्वप्न पडलं असेल त्याला."

तिने ते गाणं काढून टाकलं. दुसरं लावलं. त्यात मध्येच ढोल पडत होता. तो येणार म्हणून तिचे खांदे आधीच आवळले गेले, आणि आवळल्या खांद्यांनी दूध उतरेना. तेही काढलं. त्याच्या जागी एक पियानोचं घेतलं. मग एक नुसत्या गिटारवरचं, एक तर अंगाईसारखंच. बाळ निजलेलं राहिलं. आवाज दोनवर ठेवून तिने एक एक गाणं निवडलं, एकाला एक जोडून बघितलं, आणि एकोणीस तारखेला दुपारी तीन वाजता दहा गाणी पुरी झाली. यादीवरून नजर फिरवताना तिला बऱ्याच दिवसांनी स्वतःचं कौतुक वाटलं. अशा हालात आपण एवढं तरी केलं. लिंक पाठवली आणि चार वाजता फोन मीनाताईंच्या हातात दिला.

सोनमचं मिक्स त्याआधीच आलं होतं. मनालीने ते उघडून पाहिलं नव्हतं. नुसतं बघूनच दमायला झालं.

सहा वाजता मनाली बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होती. मीनाताई खाटेच्या कडेला बसून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांच्या मांडीवर मनालीचा मोबाइल वाजला.

"सोनमचं काहीतरी आलंय. तुझे हात गुंतलेत, वाचू का?"

"वाचा."

मीनाताईंनी चष्मा वर सरकवला. "‘ड्रम कुठेयत?’" त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. "एवढंच आहे. म्हणजे काय गं?"

मनालीने आधी कपाळाला आठी घातली. काय प्रश्न आहे हा? ड्रमशिवाय रॉकची गाणी असतात का? तिने मनातल्या मनात पहिलं गाणं आठवलं. पियानो. दुसरं. नुसती गिटार. तिसऱ्यात टाळी होती, तीही बोटांची. ती एकेक गाणं पुढे सरकत गेली आणि दहाव्यावर येऊन थांबली. एकातही ड्रम नव्हता. दहाच्या दहा गाणी अशी, की शेजारच्या खोलीत कोणाची झोपमोड होऊ नये. माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जाणाऱ्या मुलीने ती निवडली होती, आणि निवडताना तिला कळलंही नव्हतं.

"मनाली? कसले ड्रम?"

ती बोलायला गेली आणि घशातून भलताच आवाज आला. ते रडणं होतं, पण हुंदके नव्हेत. मोठ्याने, तोंड उघडून, लहान मूल रडतं तसं. बाळ खांद्यावर दचकलं आणि त्यानेही सूर लावला. मीनाताई गडबडीने उठल्या, घड्या घातलेली दुपटी खाली पडली. त्यांनी आधी बाळ काढून घेतलं, मग मोकळा हात सुनेच्या कपाळावर ठेवला.

"ताप तर नाही."

"ताप नाही, आई." मनालीला शब्द जुळवायला वेळ लागला. "मला बरं नाहीये. पहिल्या दिवसापासून बरं नाहीये. बाळाकडे बघून मला काहीच वाटत नाही. मला सारखी भीती वाटते."

 बाळाला थोपटत मीनाताई उभ्याच राहिल्या. पडलेली दुपटी उचलायला वाकल्या, पण न उचलताच सरळ झाल्या. फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी न विचारता पाहिलं.

"दुसरंही आलंय. ‘मी निघालेय’ म्हणते."

अकरा वर्षांत सोनमने दुसरं वाक्य कधी पाठवलं नव्हतं.

रबाळ्याहून नावड्याला यायला तिला सव्वा तास लागला. तेवढा वेळ मीनाताई बाळाला घेऊन खोलीतच बसून होत्या. एकदा त्यांनी विचारलं, "भीती म्हणजे कसली गं?" आणि मनालीने तिला जमेल तसं सांगितलं. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "निशांतच्या वेळी मी महिनाभर विहिरीकडे जायचंच टाळलं होतं. सासूबाईंना सांगितलं, पाय दुखतात." एवढंच बोलून त्या पुन्हा थोपटायला लागल्या.

दाराची बेल वाजली. मनाली कान देऊन ऐकत राहिली. कापसामुळे नीट ऐकू येईना, तसा तिने तो स्वतःच काढला.

"काकू, पाचच मिनिटं," सोनमचा आवाज आला. "लांबूनच बघते. बाळाला हात पण नाही लावणार."

 मग लिफ्टचं दार उघडून मिटल्याचा आवाज आला, तशी मनाली खाटेवरून पाय खाली सोडून उठायला लागली.

"बाथरूममध्ये गरम पाणी आहे," मीनाताई म्हणाल्या. "हातपाय धू आणि ते लॅबचे कपडे बदल. मनालीचा धुतलेला गाऊन दाराला टांगलाय."

पाच मिनिटांनी सोनम खोलीत आली. अंगात मनालीचा पुढे बटणं असलेला, बदकांच्या नक्षीचा गाऊन. तिला तो घोट्याच्या बराच वर येत होता. मनालीने तिच्याकडे बघितलं आणि रडता रडता तिला हसू फुटलं.  सोनम खाटेच्या कडेला टेकली, उशाशी ठेवलेला लाडवांचा स्टीलचा डबा मांडीवर ओढला आणि दोन बोटांनी झाकणावर चार ठोके दिले. एक, दोन, तीन, चार. मग थांबून मनालीकडे बघत राहिली.

"बाळ उठेल," मनाली म्हणाली.

"उठू दे ना. त्याला पण कळू दे, आई कोणे त्याची."

पुन्हा चार ठोके पडले. मनालीने तोंड उघडलं. पहिला सूर नुसताच वारा होता, दुसरा चिरकला. तिसरा मात्र आला, फाटका, खरखरीत, पण दारापलीकडे जाईल एवढा.

हॉलमध्ये मीनाताई एका हाताने बाळ सावरत, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून उभ्या होत्या. आतून आवाज आला तशी त्यांनी मान वळवून खोलीकडे बघितलं. दार ओढून घेतलं नाही. फोनवर पलीकडे दवाखान्यातली मुलगी काहीतरी विचारत होती.

"उद्या सकाळची मिळेल का वेळ?" मीनाताई म्हणाल्या. "नाही, बाळाला नाही. बाळ मजेत आहे."

त्यांनी बाळ खांद्यावर वर सरकवलं.

"आईला दाखवायचंय."