सगळं भाड्यात

बाईंनी न्हाणीघरातला मोठा टॉवेल जमिनीवर अंथरला, गुडघे सांभाळत खाली बसल्या आणि केबिनमधल्या छोट्या फ्रिजचं दार उघडलं. खोकल्याच्या औषधाच्या असतात तेवढ्या बाटल्या. एकेक बाहेर काढून त्या टॉवेलवर आडवी ठेवत गेल्या. पहिल्या दिवशी आठ निघाल्या होत्या, काल आठ. आज बारा निघाल्या.

त्यांनी पुन्हा मोजल्या. सहलीला नेलेली मुलं मोजावीत तसं प्रत्येकीच्या डोक्याला बोट लावून मोजल्या. बाराच.

पलंगाखालून बॅग ओढली. आधीच्या सोळा तिच्यात होत्या. काही लोकरी कपड्यांत गुंडाळलेल्या, काही मोज्यांत कोंबलेल्या. आता या बारांना जागा कुठून आणायची? प्रवासाचे पाच दिवस अजून बाकी होते. उतरताना कुणी बॅग उघडायला लावली आणि त्यातून या निघाल्या तर काय सांगायचं? मुलांच्या दप्तरांतून काय काय बाहेर काढलं होतं त्यांनी आयुष्यभर, पण असली पाळी स्वतःवर येईल असं वाटलं नव्हतं.

हा जहाजाचा प्रवास लेकीने दिलेली भेट होती. फोनवर तिने जाहिरातीचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला होता. "आई, तुम्हाला खिशात हातच घालायचा नाही. सगळं भाड्यात!" चहा, मशीनची कॉफी, जेवणाबरोबरची वाइन, बिअर, बारच्या यादीतली सगळी दारू, शिवाय खोलीतला फ्रिज रोज भरून. भाड्यात नव्हतं ते एवढंच: ताज्या फळांचा रस, वरच्या डेकवरची फेसाळ कॉफी आणि किनाऱ्यावर उतरताना न्यायची पाण्याची बाटली.

"म्हणजे दारू फुकट आणि संत्र्याचा रस विकत," फोनजवळ बसलेले नकाशेवाले म्हणाले होते. "उलटी गंगाच म्हणायची, बाई."

लेक तिकडे खळखळून हसली. बाई हसल्या नाहीत. दारू हा शब्द त्यांच्या घरात सात वर्षांनी उच्चारला गेला होता.

नकाशेवाले हे बाईंच्या यजमानांचं गल्लीतलं नाव. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकतीस वर्षं ते नळांचे नकाशे काढत होते. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई, आणि नवऱ्याच्याही. त्या एकतीस वर्षांतली शेवटची नऊ-दहा वर्षं कशी गेली ते या दोघांनाच ठाऊक. लेकीला आठवीतच वसतिगृहात पाठवलं होतं, अभ्यास चांगला होतो म्हणून. खरं कारण तिला आजही माहीत नव्हतं. झाकली मूठ बाईंनी कधी उघडली नाही.

मग एके दिवशी नकाशेवाले सकाळी उठले, दाढी केली, आणि त्या दिवसापासून प्यायले नाहीत. कसं सोडलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. विचारलं तर मोडेल अशी भीती वाटायची. एक सवय मात्र बाईंना सोडता आली नाही. नवरा बाहेरून आला की त्या पुढे होऊन त्याची कॉलर नीट करायच्या, चेहरा जवळ नेऊन, श्वास आत घेऊन. नकाशेवाले हनुवटी वर करून उभे राहायचे. म्हातारीला नीटनेटकेपणाचं वेड आहे असंच त्यांना वाटत असणार, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली होती.

दारावर टकटक झाली. बाईंनी घाईने टॉवेल गुंडाळला आणि ते गाठोडं पायाने पलंगाखाली सारलं. गाठोडं किणकिणलं.

केबिन आवरणारा आत आला. पन्नाशीचा, मिशाळ, बोलघेवडा माणूस. उशांचे अभ्रे बदलता बदलता त्याने फ्रिजमध्ये डोकावलं आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"काकू, आज चार जास्तीच्या ठेवल्या होत्या. त्याही गेल्या वाटतं?"

"जास्तीच्या कशाला?"

"तुमच्या केबिनमध्ये रोज फडशा पडतो ना! म्हटलं, हौसेनं आलीत माणसं, कमी पडायला नको. लाजू नका हो, सगळं भाड्यातच आहे."

बाईंचे कान तापले. सबंध आयुष्यात औषधापुरतीही न चाखलेल्या बाईंच्या नावावर तीन दिवसांत अठ्ठावीस बाटल्या जमा झाल्या होत्या.

"उद्यापासून एकही ठेवू नका," त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या.

"ते माझ्या हातात नाही, काकू. रिकामं दिसलं की भरायचं, एवढंच आमचं काम. बंद करायचं असेल तर पाचव्या मजल्यावर काउंटर आहे, तिथं फॉर्म मिळतो. मग फ्रिजमध्ये पण येत नाही आणि बारमध्ये कार्ड दाखवलं तरी देत नाहीत."

बारमध्येही देत नाहीत. बाईंनी चपला पायात सरकवल्या. नकाशेवाले नाश्ता झाल्यावर डेकवर फेऱ्या मारायला जायचे ते तास-दीड तासाने परतायचे. डेकच्या एका टोकाला बार होता. पहिल्या दिवशीच बाईंनी तो पाहून ठेवला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तर उकळतं दूध चोवीस तास समोर मांडलेलं होतं.

काउंटरवर लेकीच्या वयाची मुलगी होती. बाईंनी आधी हवेचा विषय काढला, मग स्वतःच्या पोटाच्या तक्रारी सांगितल्या, मग वयाच्या. मुलगी शांतपणे ऐकत राहिली. शेवटी तिनेच ताकाला आलेल्या बाईंचं लपवलेलं भांडं काढून समोर ठेवलं.

"दारू बंद करायचीय का, काकू?"

"हो."

"फक्त एक आहे. एका केबिनमध्ये एकाची चालू आणि दुसऱ्याची बंद, असं होत नाही. बंद केली तर दोघांचीही. म्हणून दोघांच्या सह्या लागतात. केबिन काकांच्या नावावर आहे, त्यांची सही वर."

"ते पडलेत जरा."

"मग फॉर्म घेऊन जा ना. सावकाश आणा."

बाई फॉर्म घेऊन खांबाआडच्या सोफ्यावर बसल्या. हा कागद नवऱ्यासमोर ठेवायचा म्हणजे काय, ते त्यांना पुरतं माहीत होतं. माझा तुमच्यावर विश्वास नाही, सात वर्षांनंतरही नाही, असं तोंडावर सांगायचं. फार पूर्वी एकदा त्या तसं बोलल्या होत्या. "विश्वास नाही ना? मग पिऊनच येतो," असं म्हणून नकाशेवाले घराबाहेर पडले होते आणि तिसऱ्या दिवशी परतले होते.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

सही त्यांना पाठ होती. वाईट दिवसांत सुरुवातीला नकाशेवाले थरथरत्या हाताने सही करायचे आणि कागद सरकू नये म्हणून बाई दोन बोटांनी कोपरा दाबून धरायच्या. पुढे तेही जमेना. तेव्हा बाईंनी शाळेच्या रद्दी कागदांवर सराव केला. पहिलं अक्षर उतरताना एक झटका, मधली अक्षरं एकमेकांवर रेललेली, शेवटची रेघ घसरून खाली. रजेचे अर्ज, लेकीचं प्रगतिपुस्तक, वसतिगृहाचा प्रवेश, सगळं त्या सहीवर निभावलं. नंतर सगळं सुरळीत झालं तरी घरात येणारा प्रत्येक कागद बाईच हातावेगळा करत राहिल्या. नकाशेवाले नुसते बघायचे, कधी पेन मागायचे नाहीत.

झटका, रेललेली अक्षरं, घसरलेली रेघ. खाली बाईंनी स्वतःची सही केली आणि दहा मिनिटं मुद्दाम थांबून फॉर्म काउंटरवर नेऊन दिला.

मुलीने फॉर्म पाहिला, समोरच्या पडद्यावर पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला.

"काकू, काकांची सही जुळत नाहीये."

"अशीच करतात ते."

मुलीने पडदा बाईंकडे वळवला. जहाजावर चढताना भरलेल्या कागदाचं चित्र होतं. खाली नकाशेवाल्यांची सही, पूर्ण नावाची. एकेक अक्षर ताठ, सुटं, आणि वरची शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ते निळ्या नकाशांच्या कोपऱ्यात असंच नाव लिहायचे.

बाई पडद्याकडे बघतच राहिल्या.

"ही त्यांनी केली?"

"माझ्यासमोरच. तुम्ही बॅगांपाशी होतात तेव्हा. मागे ही रांग, आणि काका आपले सावकाश! मी म्हटलं, काका, अक्षर कसलं सुरेख आहे. तर म्हणाले, नव्याने गिरवलंय." मुलीने कोरा फॉर्म पुढे केला. "घाईत झाली असेल ती सही. हा दुसरा घ्या."

तीस वर्षं बाईंनी आईबापांच्या खोट्या सह्या करणारी पोरं पकडली होती. त्यांना उभं करून विचारलं होतं, कुणाला फसवतोस रे? आज काउंटरपलीकडच्या मुलीने ते विचारलंसुद्धा नाही, आणि बाईंना मान वर करता आली नाही. लाज वाटत होतीच. पण त्याहून जास्त वाटत होतं ते वाईट. सात वर्षांपूर्वी पुसली गेलेली सही त्या अजूनही नवऱ्याच्या नावावर करत होत्या.

केबिनचं दार लोटलेलं होतं. नकाशेवाले परतले होते. गोल खिडकीखालच्या टेबलाशी बसले होते आणि त्यांच्यापुढे बारा बाटल्या उभ्या होत्या, सहा-सहाच्या दोन सरळ ओळींत. टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेला.

बाईंची नजर आधी झाकणांवर गेली. बाराही झाकणं सीलबंद होती. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. नजर आधी कुठे गेली होती ते नकाशेवाल्यांनी पाहिलं होतं.

"चप्पल शोधत होतो पलंगाखाली," ते म्हणाले. "हे सापडलं. बॅग मात्र उघडली नाही. ती परवा सरकवली तेव्हाच वाजली होती."

नकाशेवाले उठले, त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि नेहमीसारखी हनुवटी वर केली.

"बघ. आधी कॉलर बघून घे."

बाईंचे हात वर गेले नाहीत.

"अहो..."

"सात वर्षं वास घेतलास, बाई. रोज दिला. कंटाळलो नाही मी, हक्कच होता तुझा." त्यांचा आवाज चढला नाही. "पण तोंडानं एकदाही विचारलं नाहीस. एकदा तरी विचारायचंस."

बाहेरच्या बोळातून कुणाची तरी मुलं ओरडत पळत गेली. बाईंनी दार लावून घेतलं.

"प्यावीशी वाटते का हो, अजून?"

"वाटते. इथं आल्यापासून तर फारच. त्या बारच्या टोकाला मी जातच नाही. अर्ध्या डेकवरूनच परत फिरतो."

बाईंनी मुठीतला फॉर्म टेबलावर ठेवला आणि सुरकुत्या तळव्याने सारख्या केल्या. नकाशेवाल्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, नकाशा तपासावा तसा.

"आता रस विकतच घ्यावा लागणार म्हणायचा," ते म्हणाले आणि पेन उचललं. त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. शिरोरेघ शेवटी ओढली. बाईंनी ती पुरी होईपर्यंत पाहिली. सात वर्षांत त्या हाताकडे त्यांनी असं पाहिलंच नव्हतं.

"खाली तुझी लागते."

बाई खुर्चीवर बसल्या. पेन हातात घेतलं, कागदाला टेकवलं, पण ते एका जागी ठरेना. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून पाहिलं. तरी ठरेना. डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

नकाशेवाल्यांनी दोन बोटांनी कागदाचा कोपरा दाबून धरला.

"सावकाश कर," ते म्हणाले. "मी धरलाय."

पहिलं अक्षर उतरताना पेनाला एक झटका बसला.