मी मांडीवरून उडी मारली तेव्हा

बालमित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि एका मुलीला मी या जगात आणलं आहे. ठाऊक आहे, कोणाचाच विश्वास बसणार नाही. ती मुलगी इथे तुमच्यातच, माझ्या पडद्यावर बोटांचे ठसे उमटवत बसली आहे, तरीही नाही बसणार.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आरशासारखा चकचकीत होतो. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका माणसाने मला आणलं आणि थेट मांडीवर घेतलं. खिडकीजवळची खुर्ची, एका हाताला चहा, दुसऱ्या हातात सिगारेट आणि मध्ये मी. मी इतका तापायचो, की माझ्यावर ओले मोजे वाळत आणि गार चहाला उकळी फुटे. माझा पंखा सुरू झाला, की शेजारीण विचारायची, विमान कुठे उतरलं म्हणून. तो मात्र मला थोपटून म्हणे, "असा गडी मिळायचा नाही."

घरात मूल तेवढं नव्हतं. त्याची आई सुनेला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेई. रिपोर्ट सगळे चांगले. तरी आई म्हणे, "सूनबाई, अजून एका डॉक्टरांना दाखवू या."

चौथ्या वर्षी सुनेने उचललेली पर्स खाली ठेवली. "आई, मी दाखवून दमले. आता यांना दाखवा."

"मला काय धाड भरलीये?" तो म्हणाला. "दोन-दोन पायऱ्या एकदम चढतो मी जिन्याच्या."

"जिन्याला कुठे मूल हवंय," सून म्हणाली.

तो गेला. मी पिशवीत होतो, सगळं ऐकलं. वीर्यात शुक्राणू थोडे, आणि होते तेही सुट्टीवर असल्यासारखे सुस्त.

"सिगारेट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाकीटभर."

"झोप?"

"जमेल तशी."

"लॅपटॉप कुठे ठेवता?"

"मांडीवर."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, शुक्राणूंना गारवा लागतो. तुम्ही शेगडी घेऊन बसलात. नवे तयार व्हायला तीनेक महिने लागतात. हमी देत नाही, पण सवयी बदलून बघा."

शेगडी म्हणजे मी. फार लागलं मनाला. घरी आईने रिपोर्ट दोनदा वाचला.

त्याच संध्याकाळी त्याने मला मांडीवर घेतलं मात्र, मी झाकण मिटलं, उडी मारली आणि टेबलावर जाऊन बसलो. रोज तो उचलायचा, रोज मी उडी मारायचो. सिगारेटची पाकिटं मीच पंख्याने खिडकीबाहेर उडवली. दहा वाजले की मीच डोळे मिटायचो, म्हणजे त्यानेही झोपावं. शंभर दिवसांनी पुन्हा तपासणी झाली, तर शुक्राणूंची अशी झुंबड, की काचेची पट्टीच टेबलावरून चालू लागली. वर्षभरात घरात रडणं ऐकू आलं. माझ्या पंख्याहून मोठं.

मग मी गेलो कपाटावर. पाच वर्षं धूळ खाल्ली, पण खालून हसण्याचे आवाज येत, म्हणून तीही गोड लागली. आता तुमच्या खेळासाठी मला खाली काढलंय. तेव्हा मित्रांनो, मला पुसत जा, टेबलावर ठेवत जा. आणि मोठे झालात की विसरू नका, मूल दोघांचं, तर तपासणीही दोघांची. माझ्यासारखा शूर उडी मारणारा प्रत्येक घरात...

"खोटं," मुलगी म्हणाली. "याला पाय तरी आहेत का? आजीच याला रोज उचलून टेबलावर ठेवायची. पाकिटंही तिनेच फेकली. आईने सांगितलंय मला. पहिल्या दिवशी याला ठेवलं आणि आजी आईला म्हणाली, 'चार वर्षं मी चुकीच्या माणसाला दवाखान्यात नेत होते गं.'"