आठ गाणी, एकोणीस मिनिटे

मित्रांनो, फळीवर कोपऱ्यात बसलेला, झाकण चिकटपट्टीने धरून ठेवलेला जो टेपरेकॉर्डर तुम्हाला दिसतो, तो मी. वय झाले आहे, पण कान अजून शाबूत आहेत.

कारखान्यात माझ्या पोटात मोटर बसवली, तिला रबरी पट्टा घातला आणि तपासनीस बाईंनी "एक, दोन, तीन" म्हणून माझी परीक्षा घेतली. मला विकत घेतले लघुलेखन शिकवणाऱ्या एका मावशींनी. त्या पत्रे वाचून दाखवत, मी ती ऐकून ठेवी, आणि वर्गातल्या मुली माझ्याकडून ऐकून भराभर टिपून घेत. "आपले पत्र पोचले" हे वाक्य मी हजारदा तरी म्हटले असेल. मावशी म्हणत, "हा कधी चुकत नाही आणि उलट बोलत नाही." तेवढ्या कौतुकावर मी वर्षानुवर्षे खूश होतो.

पुढे वर्ग बंद झाला. मावशींनी मला कपाटात ठेवले. तिथून मला बाहेर काढले त्यांच्या भाचीने. ती पंधरा वर्षांची होती आणि मैत्रिणींत सर्वांत बुटकी, म्हणून तिला मुंगी म्हणत. मुंगी ड्रम वाजवी. ड्रम एकच खरा, बाकी सगळे पत्र्याचे डबे. उंच मैत्रिणीला शिडी म्हणत, ती गिटार वाजवी. तिसरी चिमणी गाई. नाव चिमणीचे, पण ती ओरडली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री गप्प होत.

"हा कसला गोंधळ?" मावशींनी एकदा विचारले होते.

"मावशी, हे पंक संगीत आहे. जोरात, भराभर आणि खरं बोलायचं."

"सावकाश खरं बोलता येत नाही का? जरा हळू!"

 त्याच आठवड्यात मुंगीने गाणे लिहिले: "हळू चाल, हळू हस, हळू शिंक, हळू बस! मी काय चुलीवरचं दूध? उतू गेले तर गेले, बस!"

अशी आठ गाणी झाली. तेवढ्यात शिडीची आई, जी परिचारिका होती, तिची दूरच्या गावी बदली झाली. सोमवारी सकाळी सामानाचा ट्रक येणार होता.

"म्हणजे आपण बँड होतो, याला पुरावा काय?" शिडीने विचारले.

"गाण्यांचा अल्बम," मुंगी म्हणाली.

रविवारी दुपारी चिमणीच्या बाबांचा गाद्यांचा कारखाना बंद असे. मुलींनी भिंतींना गाद्या टेकवल्या आणि मला कापसाच्या गाठोड्यावर बसवले. मावशींना न विचारताच मुंगीने मला आणले होते. सात गाणी मी जिवाचा कान करून ऐकली. आठवे, 'हळू', सुरू झाले आणि माझ्या पोटातला म्हातारा पट्टा घसरला. ऐकून पाहिले, तर चिमणीचा आवाज म्हशीसारखा जाड झाला होता. एरवी तिघी हसून लोळल्या असत्या. त्या दिवशी कोणीच हसले नाही. शिडी गिटार मांडीवर घेऊन मटकन खाली बसली.

मला दुरुस्त करू शकेल असे एकच माणूस जवळ होते. पण त्यांना बोलवायचे, तर चोरी कबूल करावी लागणार होती, आणि वर ते गाणे त्यांच्या कानावर पडणार होते. मुंगीने नखे चावली आणि धावत सुटली.

मावशी आल्या. त्यांनी चष्मा चढवला, माझा पट्टा काढला आणि म्हणाल्या, "उकळतं पाणी आणा." गरम पाण्यात बुडवल्यावर पट्टा आवळला. त्यांनी तो पुसून बसवला. "हं, वाजवा."

"दुसरं गाणं घेऊ या का?" चिमणी कुजबुजली.

मुंगी पांढरीफटक पडली होती. तरी म्हणाली, "नको. हेच राहिलंय."

मावशी गाद्यांच्या थप्पीवर ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "'शिंक' कळत नाही. ड्रम शब्द खातोय. हे यंत्र गाणारीच्या जवळ ठेव. पुन्हा घ्या."

"तुला राग नाही आला?" मुंगीने चाचरत विचारले.

"आला ना! पण माझ्यावरचं गाणं आहे, निदान लोकांना कळू तरी दे."

मित्रांनो, त्यानंतर त्या तिघींनी जे काही वाजवले, ते ऐकताना माझी चाके थरथरली.

मागून आणलेला दुसरा टेपरेकॉर्डर माझ्यासमोर ठेवून आम्ही तीस कॅसेटी काढल्या. गादीच्या खोळीचे पट्ट्यापट्ट्यांचे तुकडे हे त्यांचे वेष्टन; त्यावर पत्ता लिहून त्या वाटून टाकल्या. एके दिवशी एका अनोळखी मुलीचे पत्र आले: "मला अजून काहीच वाजवता येत नाही. तरी तुमचं ऐकून आम्ही दोघींनी बँड काढला आहे." ते पत्र मुंगीने मला मोठ्याने वाचून दाखवले. मला! जणू मीही त्यांच्यातलाच.

शिडी तर त्या सोमवारीच गेली होती; पुढे बाकीच्या दोघीही आपापल्या वाटेला लागल्या आणि मी माळ्यावर गेलो. पोटात ती कॅसेट होती आणि कोणी न काढलेले सेलही. सेल पाझरले. स्प्रिंगा गंजल्या. बोलावेसे वाटे, पण घशातून खरखरसुद्धा निघेना. मावशी गेल्याचेही मला खालच्या बोलण्यावरून कळले.

पुष्कळ वर्षांनी मुंगीने मला खाली उतरवले. आता ती शहरात बस चालवते. दुरुस्तीवाल्या काकांनी माझा गंज हळुवार खरवडला, नवा पट्टा घातला आणि बटण दाबले. पहिले गाणे संपेपर्यंत ते हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचे विसरले.

"कोण या पोरी?"

"आम्ही," मुंगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि बोटे मात्र टेबलावर ड्रम वाजवत होती.

काकांनी आवाज वाढवला. शेजारचा शिंपी गळ्यात मापाची टेप घेऊन दारात येऊन उभा राहिला.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. आम्हाला कपाटात ठेवताना आधी सेल काढून घ्या. धुळीपासून जपा. आणि कधी टाकून द्यायची वेळ आलीच, तर त्याआधी एकदा बटण दाबून ऐका. आमच्यासारख्यांच्या पोटात कुणाचे तरी पंधरावे वर्ष असते.