गोदूच्या खळ्यावर लाल गाडी

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. ॲल्युमिनियमचा, धोतऱ्याच्या फुलासारख्या तोंडाचा. सापगावच्या चंदरकाकांनी मला विकत आणलं, तेव्हा मी इतका चकचकीत होतो की त्यांची लेक समीक्षा माझ्यात बघून वेणी घालायची आणि आपलं फुगलेलं नाक बघून हसत सुटायची.

मग कामाची वर्षं आली. हळदीला मी गाणी म्हटली, पोलिओच्या डोसाची आठवण करून दिली. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत हरवलेल्या लेकरांची नावं पुकारली. एकदा चिमी नावाची पोर काही केल्या सापडेना. शेवटी तिच्या आईनेच माइक घेतला आणि हळूच म्हणाली, "चिमे, हितंच हाय मी गो." बैलांच्या गर्दीत कुठेतरी रडणारी ती पोर आवाजाच्या वाटेने चालत आली. तेवढं गोड मी पुन्हा कधी बोललो नाही.

निवडणुकीत मी सगळ्यांचाच. सकाळी या पक्षाच्या जीपवर, दुपारी त्या पक्षाच्या. "भोंग्याला पक्ष नसतो," चंदरकाका म्हणायचे. करंजवाडीला लाल गाडी येणार, हे वचन माझ्याच तोंडून गेलं. एसटीला आमच्याकडे अजून लाल गाडीच म्हणतात. वचन देणारे निवडून आले, त्यांचं सरकार आलं, डोंगराच्या पायथ्याच्या त्या वाडीपर्यंत डांबरी सडकही झाली. गाडी मात्र आली नाही.

पुढे डीजे आले आणि मी खुंटीवर गेलो. एका पावसाळ्यात तर माझ्या तोंडात कोंबडी अंड्यांवर बसली होती. उबेला मी बरा होतो म्हणायचं.

तिथून मला खाली काढलं अनिताताईंनी. त्या विरोधी पक्षाच्या. निवडणूक हरल्या होत्या, पण वाड्या-पाड्यांतून फिरणं त्यांनी सोडलं नव्हतं.

"चंदरभाऊ, तो भोंगा द्या. डीजेवर माझे शब्दच ऐकू येत नाहीत."

"शब्द ऐकू आले तर लोक प्रश्न विचारतील, ताई."

"विचारू देत."

ताई करंजवाडीच्या गाडीचा जाब विचारणार होत्या, आणि तिथल्या रविनासाठी ती गाडी फार जिवाची होती. ती शहापूरला अकरावीत शिकत होती. फाट्यापर्यंत रानातून पायी जायची आणि परतताना अंधार पडायचा. तिची आई गोदू रोज टॉर्च घेऊन ओढ्यापर्यंत सामोरी यायची. गोदूने लेकीला सांगून ठेवलं होतं, "म्हशाच्या जत्रेपर्यंत गाडी आली तर शीक. नायतर घरी बस. माजा जीव रोज टांगणीला लागतो."

तालुक्याच्या स्टँडसमोर अनिताताई माझ्यातून बोलल्या. "सरकार म्हणतं, काम झालं. आपण म्हशाला बैल घेतो, तेव्हा शिंगांचा रंग बघून घेतो का? चालवून बघतो. मग या सडकेवर गाडीपण चालवून दाखवा."

लोक हसले. एसटीच्या आगारातले साहेब बाहेर आले. "ताई, सडक आहे. वाडीत गाडी वळायला जागा नाही. फाट्यापर्यंत उलटी आणू का?"

"जागा मी पाहिली आहे. मंगळवारी गाडी पाठवा. वळली नाही, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

"माइकवर बोललात, ताई. सगळ्यांनी ऐकलंय," साहेब म्हणाले.

मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा.

मंगळवारी मी जीपवर बसून करंजवाडीत गेलो. मागून साहेबांना घेऊन लाल गाडी आली, पोरं टाळ्या पिटत धावली. सडकेच्या टोकाला गाडी थांबली आणि टाळ्याही थांबल्या. समोर गोदूचा खळा होता. खळा म्हणजे भात झोडायची शेणाने सारवलेली जागा. वाडीत तेवढीच सपाट. अनिताताईंनी ती पाहिली होती उन्हाळ्यात, पोरं तिथे क्रिकेट खेळत होती तेव्हा. आता तिथे भाताचे भारे रचलेले होते.

अनिताताईंचा कार्यकर्ता शेखर माझ्यातून गरजला, "गोदूमावशी, भारे उचला! विकासाचा प्रश्न आहे."

गोदू भाऱ्यांवर जाऊन बसली. "माजी सासू कदी चपला घालून या खळ्यावर आली नाय. नि तुमी गाडी घालताय? मला इचारलं कोनी?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "ताई, गाडी मागे घेऊ?"

रविना दप्तर छातीशी धरून उभी होती. कुणाची बाजू घ्यावी, ते तिला कळत नव्हतं.

अनिताताईंनी शेखरच्या हातातला माइक बंद केला. खळ्याच्या कडेला चपला काढल्या आणि गोदूसमोर उकिडव्या बसल्या.

"चुकलं माझं, गोदूवहिनी. आधी तुझ्याकडे यायला पायजे होतं. उन्हाळ्यात मोकळं दिसलं, मी धरूनच चालले."

"उनाळ्यात सगळ्यांचंच मोकळं दिसतं. स्टँडवर मोठ्यानं बरं बोलायला जमतं तुला."

"तेवढंच तर जमतं."

गोदूच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं. "गाडी रोज येल? का फोटो काढून जाल?"

"ते मी कसं सांगू? सरकार माझं नाय. पण नाय आली, तर दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर बसलेली असेन."

गोदूने लेकीकडे पाहिलं. मग उठली. "उचला भारे. पन चपला भायेर."

सगळी वाडी लागली. शेखरही बूट काढून भारे वाहू लागला. खळा मोकळा झाला, तेव्हा ड्रायव्हर साईनाथने गोदूकडे एकदा बघितलं, पायातले बूट काढून पायरीवर ठेवले आणि अनवाणी पायाने गाडी खळ्यावर घेतली. चाकांखाली सारवण तडकत गेलं. गोदू ते बघत राहिली, तिने मान फिरवली नाही. गाडी एकदा मागे आली, पुन्हा पुढे गेली आणि वळली.

"वळली," साहेब म्हणाले. ते पण खळ्याच्या कडेला बूट काढून नुसत्या मोज्यांवर उभे होते.

आता गाडी सकाळ-संध्याकाळ येते. दोनदा चुकली, तेव्हा अनिताताईंनी मला स्टँडवर नेलं. गोदूने नवा खळा घरामागे सारवला आहे. संध्याकाळी ती ओढ्यापर्यंत जात नाही, दारातूनच गाडीचे दिवे बघते आणि चहा ठेवते.

मित्रांनो, मला पुसून ठेवत जा, माझ्या लोखंडी कडीला गंज लागू देऊ नका. दिलेल्या वचनाचा जाब विचारायला मी तुम्हाला लागेन. पण जिच्या खळ्यावरून तुमची गाडी जायची आहे, तिच्याकडे आधी जा. तिच्यासमोर खाली बसा. आणि तेवढा वेळ मला बंद ठेवा.