कधीच न वाजणारी बेल

मित्रांनो, मी एक जुनी बेल आहे. दारावरची नव्हे, आजारी, वयस्क माणसं जिथे कायमची राहायला येतात, अशा शुश्रूषागृहातल्या एका पलंगाची. लांब वायरच्या टोकाला माझं लाल बटण आहे. ते दाबलं की बाहेर सिस्टरांच्या टेबलापाशी मी वाजते.

स्वभावाने मी संशयी. कारखान्यातल्या तपासनिसाने मला इतक्या वेळा दाबून पाहिलं, की जगात कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही, हे मी तिथेच शिकले.

सुरुवातीची वर्षं मी खूप वाजले. पाणी हवं, कूस बदलायची, नुसतं बोलायचं. मग या पलंगावर आजी आल्या. पूर्वी त्या शिवणकाम करत. झटक्याने डावी बाजू लुळी पडलेली, आवाजही बसलेला. त्या आल्या आणि मी मुकी झाले.

"ही खोली म्हणजे सोनं! एकदाही बेल नाही," व्यवस्थापक सगळ्यांना सांगत. मला ते कौतुक पचेना. न केलेल्या कामाची वाहवा होते, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतंच.

मग नव्या मोठ्या सिस्टर आल्या. त्यांच्यावरही माझा संशय होता. असे कितीतरी आले, भिंतीवर सूचना चिकटवून, चहा पिऊन गेले. पण या बाई आजींच्या भरलेल्या पेल्याकडे बघत राहिल्या. आजींचे ओठ सुकून गेले होते.

"आजी, पाणी का पीत नाही?"

"प्यायलं की जावं लागतं," आजी पुटपुटल्या. "मग बोलावू कशी?"

तेव्हा सिस्टरांनी मला शोधलं. आजींचं सगळं करणारी मावशी दाराच्या बाजूने पलंग आवरायची आणि मला तिथल्याच कठड्याला अडकवायची. तो कठडा डावा, आजींच्या लुळ्या बाजूचा! नियमाप्रमाणे मी अगदी जागेवर होते. आजींसाठी मात्र परगावी.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्या मावश्यांना बोलावलं. आजींना खुर्चीत बसवलं, आमच्या मावशीला पलंगावर निजवलं आणि तिचा डावा हात-पाय पट्टीने बांधला. "आता न ओरडता मला बोलवा," म्हणून त्या बाहेर जाऊन बसल्या.

मावशी आधी हसली. मग उजवा हात ताणू लागली. शेवटी मान वळवून माझ्याकडे नुसती बघत राहिली. पट्टी सुटल्यावर म्हणाली, "मला वाटायचं, आजी गुणी आहेत, कधी त्रास देत नाहीत." आणि तिला रडू फुटलं.

तेव्हापासून मी उजवीकडे आहे. निघताना प्रत्येक मावशी म्हणते, "दाबून दाखवा बघू." आजी दाखवत, पण पाणी पीत नसत. दुधाने तोंड पोळलेलं ना! बेल वाजणं वेगळं आणि माणूस येणं वेगळं. माझंही मत तेच होतं.

एका दुपारी मावशी जेवायला बसली आणि आजींनी मला दाबलं. आता कोण येतंय, असं मी मनात म्हटलं. मावशी उष्टा हात तसाच धरून धावत आली.

"काय झालं, आजी?"

"काही नाही गं. खरंच येतेस का, ते बघितलं."

आता बोलणी बसणार, म्हणून मी धास्तावले. मावशीला धाप लागली होती.

"बघा की. हवं तेव्हा बघा."

आजींनी पेला उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस काहीच मागत नसेल, तर त्याला गुणी म्हणून मोकळे होऊ नका. जरा संशय घ्या. आणि त्याने उगीच हाक मारली तरी धावत जा. ते तुमची परीक्षा घेत असेल.