बसायचं काम

खोडाळ्याच्या बाजारात तुकाचं काम एकच, बसायचं. मंगेशच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, मधल्या सीटवर, खिडकीला. रिकाम्या जीपमध्ये कोणी चढत नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. आत एक-दोन डोकी दिसली की लोकांना वाटतं, आता निघणार, आणि मग धावत येऊन घुसतात. खरी गिऱ्हाइकं भरली की तुका मुकाट उतरायचा, मंगेशच्या नावावर चहा प्यायचा आणि जीप परत येईपर्यंत झाडाखाली थांबायचा. इतक्या वर्षांत त्या जीपमधून तो मोखाड्याला एकदाही गेला नव्हता.

याला काय काम म्हणतात, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. बायको सरू वारली, लेक चंदू बायकापोरांना घेऊन भिवंडीकडे गेला, तेव्हापासून तुकाशी कोणी बोलायचं ते त्या जीपमध्येच. शेजारी बसलेली बाई विचारायची, "बाबा, कठं जातंस?" तुका बेधडक सांगायचा, "लेकाकडं." मग शेतात नागली कशी झाली, कोणाची पोर कुठं दिली, गप्पा सुरू व्हायच्या. त्याला तेवढ्यानं बरं वाटायचं.

यंदा मात्र ठाण्याकडची बांधकामं थंडावली आणि शिमग्याला माणसं हात हलवत परतली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कापडवाला भर दुपारी गाठोडं बांधू लागला. डिझेल चढलं म्हणून मंगेशनं भाडं वाढवलं. भाडं वाढलं म्हणून बाया अर्ध्या तिकिटाच्या एसटीसाठी थांबू लागल्या, पुरुष पायी निघाले. माणसं घटली म्हणून भाडं आणखी वाढलं. मंगेशला हे कळत नव्हतं असं नाही, पण करतो काय?

एका बाजारच्या दिवशी तुका सकाळपासून एकटाच बसला होता. एक म्हातारी आली, आत डोकावली, त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू तं रोजचाच," आणि एसटीच्या थांब्याकडे चालती झाली. तुकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता त्याला पाहूनच लोकांना कळत होतं की ही जीप काही निघत नाही.

ऊन कललं तेव्हा मंगेश खिडकीशी आला. "बाबा, जीप इकली. उद्या भिवंडीला जातंय. टेम्पो चालवाचा हाय."

तुकानं समोरच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाला, "टेम्पोत बसाय माणूस लागतो का रे?"

मंगेशला हसू आलं नाही. "नाय बाबा. तठं माल असतो."

"सगळा मालच?"

"सगळा मालच."

तुकानं मान हलवली. मंगेश पुढं चढला, चावी लावली. "चल, तुला घरी सोडतंय."

"घरी कोण हाय?" तुका म्हणाला. "थोडा येळ बसू दे."

मंगेशनं चावी काढून खिशात टाकली. बाजार उठेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.